चेहरा कोणाचा, संमती कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



शिबिराच्या अखेरीस समूहछायाचित्र काढण्याची प्रथा चळवळीत जुनी आहे. पुढे सतरंजीवर मुले, मध्ये खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी, मागे उभे तरुण कार्यकर्ते, आणि कडेला, निम्मी चौकटीबाहेर राहिलेली, चुलीपासून उठून घाईने आलेली एखादी बाई. वीस-पंचवीस वर्षांनी ठराव कोठे गेले याचा पत्ता नसतो, पण हे छायाचित्र कोणाच्या तरी पेटीत सापडते. कोण आले होते, कोण कोणाशेजारी बसले होते, कोण आज हयात नाही, हे सारे त्यावरून कळते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांत तर अशा छायाचित्राला अधिकच मोल आहे, कारण येथील माणसाची नोंद सरकारी कागदांत नेहमीच तोकडी राहिली.

हे छायाचित्र आता यंत्राच्या हाती देण्याची टूम निघाली आहे. २५ मार्च २०२५ रोजी ओपनएआय या अमेरिकी कंपनीने चॅटजीपीटीमध्ये चित्रे घडविणारी नवी सोय आणली आणि दोन-तीन दिवसांत जगभर लाट उसळली. घरातील, कचेरीतील, लग्नमंडपातील छायाचित्र यंत्राच्या स्वाधीन करावयाचे आणि जपानच्या स्टुडिओ घिबली या चित्रपटसंस्थेच्या धाटणीचे कार्टून परत घ्यावयाचे, असा तो खेळ. भारत सरकारच्या मायगव्ह या खात्यानेही पंतप्रधानांची तशी चित्रे प्रसृत केली. कंपनीच्या अधिकाऱ्याने दिलेल्या आकड्यांनुसार पहिल्या आठवड्यातच १३ कोटींहून अधिक लोकांनी ७० कोटींहून अधिक चित्रे करून घेतली. लाट ओसरली, पण सवय मागे राहिली. आता मेळाव्याचे, बचतगटाचे, शाळेच्या सहलीचे छायाचित्र निघाले की त्याचे कार्टून करून पाठविण्याचा मोह कोणालाही होतो.

यात आनंद आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. स्वतःचे चित्र कोणी काढावे, हे भाग्य पूर्वी राजे-रजवाड्यांचे आणि सावकारांचे होते. शेतमजुराच्या घरी मुलाचे गोंडस चित्र फुकट येत असेल, तर त्यावर नाक मुरडणे हा सुखवस्तूंचा उद्योग ठरेल. तेव्हा प्रश्न आनंदाचा नाही. त्या आनंदासाठी समूहाच्या वतीने कोणी काय देऊन टाकले, हा प्रश्न आहे.

प्रथम यंत्र काय करते ते पाहू या. छायाचित्रावर पातळ कागद ठेवून रेघ गिरवावी, तसे ते करीत नाही. असंख्य चित्रे आणि त्यांसोबतचे शब्द यांच्यावर गणिती प्रक्रिया करून, कोणत्या वर्णनापाशी कोणता आकार बहुधा येतो, याचे वळण त्याला लावलेले असते. दिलेले छायाचित्र न्याहाळून ते त्या वळणाच्या आधारे नवेच चित्र रचते. एकट्या माणसाचा मोठा चेहरा समोर असेल तर साम्य बऱ्यापैकी साधते. पण चाळीस माणसांच्या छायाचित्रात मागच्या रांगेतील चेहऱ्याच्या वाट्याला मोजके ठिपके येतात. त्या चेहऱ्याविषयी यंत्राला फारसे उमगत नाही; आणि जे उमगत नाही ते यंत्र कोरेही सोडत नाही, सरासरीने भरून काढते. म्हणून अशा चित्रांत माणसे कमी-जास्त होतात, एकाचा हात दुसऱ्याला चिकटतो, म्हातारीच्या कपाळावरचे गोंदण नाहीसे होते आणि सुरकुतलेला चेहरा टवटवीत होतो. ही सरासरी यंत्राने अधिक पाहिलेल्या जगाची असते. एटापल्ली-भामरागडच्या माडिया बाईचा चेहरा त्या जगात फारसा नसतो. परत आलेल्या चित्रात ती असते, पण ती तीच नसते.

मराठी वाचकाला रेषेने केलेले विरूपण नवे नाही. व्यंगचित्र, हास्यचित्र, अर्कचित्र असे वेगवेगळे शब्द या भाषेने घडविले, ते वसंत सरवटे, शि. द. फडणीस यांच्यासारख्या चित्रकारांच्या कामामुळे रुजले. अर्कचित्र काढणारा माणसाच्या चेहऱ्यातील एकच खूण हेरतो, ती वाढवितो आणि बाकीचे सोडून देतो. त्या अतिशयोक्तीमुळेच माणूस अधिक ओळखू येतो. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' लाखोंचा प्रतिनिधी झाला, कारण एका चित्रकाराने समजून-उमजून, बरीच वर्षे घासून तो एक चेहरा घडविला. यंत्राचे काम नेमके उलट्या दिशेने चालते. ते लाखो चेहरे घेते आणि त्यांना एकाच साच्याचे डोळे, एकाच साच्याचे गाल देते.

ज्या घिबलीची धाटणी उचलली गेली, त्या संस्थेचे काम कसे चालते हेही ध्यानात घ्यावे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे चित्रपट मुख्यतः हाताने काढलेल्या चित्रांवर उभे आहेत. २०१३ च्या 'द विंड रायझेस' या चित्रपटात गर्दीचे एक दृश्य आहे. पडद्यावर ते जेमतेम ४ सेकंद दिसते. एजी यामामोरी या चित्रकाराला त्यासाठी १ वर्ष ३ महिने लागले. त्या गर्दीत प्रत्येक माणूस आपल्या कामाला निघालेला आहे, कोणी ओझे सावरतो आहे, कोणी वळून पाहतो आहे. गर्दीतील प्रत्येकाला वेगळे मानण्यासाठी एका माणसाने सव्वा वर्ष खर्ची घातले. समूहचित्राचा खरा धडा तेथे आहे.

संस्थेचे एक संस्थापक हायाओ मियाझाकी यांचे एक वाक्य या लाटेच्या वेळी पुष्कळ फिरले. २०१६ च्या एका जपानी माहितीपटात, संगणकाने हलविलेली एक विद्रूप आकृती त्यांना दाखविण्यात आली. तेव्हा त्यांना शारीरिक व्यंगामुळे हात उचलणेही जड जाणाऱ्या आपल्या एका मित्राची आठवण झाली आणि हा जीवनाचाच अपमान आहे, असे उद्गार त्यांनी काढले. ते उद्गार आजच्या या चित्रांविषयी नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यामागील जाणीव येथेही लागू पडते: ज्याचे शरीर, ज्याचा चेहरा, त्याच्या दुःखाची ओळख नसताना त्याच्याशी खेळू नये.

मियाझाकींचा १९९७ चा 'प्रिन्सेस मोनोनोके' हा चित्रपट चंद्रपूर-गडचिरोलीच्या कार्यकर्त्याने आवर्जून पाहावा असा आहे. त्यात एक प्राचीन अरण्य आहे, अरण्याची दैवते आहेत, आणि अरण्य तोडून लोखंड गाळणारी एक वसाहत आहे. ती वसाहत निव्वळ दुष्टांची नाही. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आणि कुष्ठरोग्यांना तेथे काम व आसरा मिळालेला आहे. जंगल, लोखंड आणि कुष्ठरोगी हे तिन्ही शब्द या दोन जिल्ह्यांना परके नाहीत. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर लोहखनिजासाठी खोदला जात आहे. त्याच डोंगरावर ठाकुरदेवाची यात्रा भरते आणि परिसरातील ग्रामसभांनी खाणीविरुद्ध ठराव केलेले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीतून आनंदवन उभे राहिले. म्हणजे ज्या कलावंताने हा पेच आयुष्यभर मनात घोळविला, त्याच्या कामातील प्रश्न बाजूला काढून केवळ गोड रंग आणि मोठे डोळे तेवढे यंत्राने उचलले. सुरजागड पट्टीतील एखाद्या सभेचे छायाचित्र या धाटणीत घातले, तर चित्र सुरेख येईल. पण सभा कशासाठी होती, हे त्यातून निघून गेलेले असेल.

येथवर कलेचा विचार झाला. आता अधिक कठीण बाजू पाहू या. या भागातील माणसाचे छायाचित्र दुसऱ्यांनी आपल्या सोयीसाठी काढण्याचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे ८ खंडांचे छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केले. त्यात बहुतेक माणसे जातीचा वा जमातीचा नमुना म्हणून उभी आहेत. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ४ खंड निघाले. चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्या ग्रंथांची माहिती अभ्यासकांना आजही उपयोगी पडते. पण ज्यांच्यामुळे ती माहिती मिळाली, त्यांचे चेहरे छापताना त्यांची नावे छापावीत, अशी गरज सहसा कोणाला वाटली नाही. गोंड होता, एवढे पुरे झाले.

दुसरा टप्पा आला तो हजेरीचा. महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग देशाला दाखविला. पुढे २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्या कायद्याखालील कामांवर २०२१ मध्ये मोबाइलवरून हजेरी घेण्याची यंत्रणा आली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सर्व सार्वजनिक कामांना सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचे समूहछायाचित्र, वेळ आणि ठिकाण यांसह, वर पाठवावयाचे. जेथे फोनला संपर्क मिळत नाही अशा जंगलात हे किती कष्टाचे, हे सांगावयास नको. आणि एवढे करून गैरव्यवहार थांबला नाही: भलतीच छायाचित्रे चढविली जातात, छायाचित्राचेच छायाचित्र काढले जाते, नोंदीतील आणि चित्रातील माणसांची संख्या जुळत नाही, असे केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाला जुलै २०२५ च्या परिपत्रकात स्वतःच नमूद करावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा संमत झाला. पण या अनुभवाने एक गोष्ट पक्की केली. समूहछायाचित्रातील एकेक डोके म्हणजे एकेकाची मजुरी असू शकते. त्या चौकटीतून एक माणूस गळणे ही गंमत नव्हे.

कार्टून हा या मालिकेतील तिसरा टप्पा. पहिल्याने माणसाचा नमुना केला, दुसऱ्याने हजेरी केली, तिसरा त्याची शोभा करीत आहे. तिन्हींमध्ये समान धागा एकच: ज्याचा चेहरा, त्याला विचारलेले नाही.

विचारावे कसे, याचा वस्तुपाठ मात्र याच भागाने देशाला दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने देवाजी तोफा आणि २०२५ च्या जानेवारीत निधन पावलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घ्यावयाचा, हा परिपाठ घालून दिला. वनाधिकार कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढे गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मान्य झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावसारखी गावेही त्याच वाटेने गेली. या साऱ्या लढ्याचे सार थोडक्यात असे की, जे सर्वांचे आहे ते एकट्याने देऊन टाकता येत नाही. सरपंचालाही नाही आणि कार्यकर्त्यालाही नाही.

हाच न्याय समूहछायाचित्राला का लावू नये? चाळीस माणसांपैकी एकाच्या हातात फोन असतो. तो एका बोटाने चाळीस चेहरे परदेशी कंपनीच्या संगणकावर पाठवितो. सर्वसाधारण वापरकर्त्याने नकार नोंदविला नसेल, तर त्याने दिलेला मजकूर आणि चित्रे यंत्राच्या पुढील शिक्षणासाठी वापरली जाऊ शकतात, असे अशा सेवांची धोरणे सांगतात. नकार नोंदविण्याची सोय फोनवाल्याला आहे. उरलेल्या एकोणचाळीस जणांना ती नाही, कारण आपण तेथे पोहोचलो आहोत याचीच त्यांना वार्ता नाही.

कायदा येथे किती उपयोगी पडतो? १९५७ चा प्रताधिकार कायदा कलाकृतीला संरक्षण देतो, धाटणीला देत नाही. म्हणून घिबलीची शैली उचलणे हा त्या कायद्याने सरळ गुन्हा ठरत नाही. छायाचित्राचा प्रताधिकार सामान्यतः ते काढणाऱ्याचा असतो, त्यात दिसणाऱ्याचा नव्हे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीचे तत्त्व मानतो आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवितो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधनांच्या अंमलासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याने वगळला आहे. पण ही सवलत व्यक्तीसाठी आहे. संघटना, आश्रमशाळा, संस्था यांनी आपण घरगुती आहोत असे समजू नये. आणि कायद्याची मुदत संपेपर्यंत चळवळीने सदसद्विवेक गुंडाळून ठेवावा, असेही नाही.

या विचाराविरुद्ध एक वजनदार आक्षेप आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे अनेक दशके सामान्य माणूस पोलीस आणि सशस्त्र नक्षलवादी या दोहोंच्या नजरेखाली वावरला, तेथे सभेतील चेहरे उघडे ठेवणेच धोक्याचे होते. मग कार्टून केल्याने चेहरा झाकला जात असेल तर ते हिताचेच नव्हे काय? अत्याचारित स्त्री, बालविवाहातून सोडविलेली मुलगी, यांची ओळख लपवावीच लागते. आक्षेप खरा आहे, पण त्यात एक फट आहे. यंत्राकडून चेहरा झाकून घेण्यासाठी आधी उघडा चेहराच त्याच्या स्वाधीन करावा लागतो. गावापासून लपविलेली गोष्ट अशा रीतीने दूरच्या कंपनीपाशी जमा होते. चेहरा झाकावयाचाच असेल, तर फोनमध्येच तो पुसट करण्याची साधी सोय असते. पाठीमागून छायाचित्र घेता येते. आणि गावातील चित्र काढणाऱ्या मुलाला वा मुलीला समोर बसवून, विचारून, चार रेघांत सभा काढून घेता येते. त्या चित्रकाराला मोबदला देण्याचेही विसरू नये.

यावरून कार्यकर्त्यांसाठी काही साधे दंडक निघतात. छायाचित्र काढण्यापूर्वी ते कशासाठी आणि कोठे जाणार, हे गोंडी-माडियात, मराठीत, ज्याला जे समजेल त्या भाषेत सांगावे. यंत्राकडे पाठवावयाचे असेल तर त्याची संमती वेगळी घ्यावी, आणि एकानेही नको म्हटले तर ते पाठवू नये. मेंढ्याचा नियम येथे जशाचा तसा लागू करावा. लहान मुलांचे चेहरे तर पाठवूच नयेत. एवढे होऊनही कार्टून केलेच, तर ते अहवालात, वृत्तात वा पुराव्यात छायाचित्राच्या जागी लावू नये. यंत्राने केलेले आहे असे त्याखाली लिहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ छायाचित्र जपावे व त्यामागे तारीख, गाव आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव लिहावे. मागच्या रांगेसह, कडेच्या बाईसह.

हे शेवटचे काम क्षुल्लक वाटेल, पण वनाधिकाराच्या दाव्यांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना त्याचे मोल कळेल. त्या कायद्याने आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवाशांवर तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा देण्याचे ओझे टाकले. दाव्यासोबत एकाहून अधिक पुरावे मागितले गेले आणि कित्येक कुटुंबे कागदासाठी दारोदार फिरली. आपण येथेच होतो, हे सिद्ध करण्याची पाळी या भागातील माणसावर पुनःपुन्हा आली आहे. पन्नास वर्षांनंतरही ती येणार नाही, याची हमी कोणी द्यावी? त्या दिवशी कामी येईल ते नावे लिहिलेले साधे, ओबडधोबड छायाचित्र. मोठ्या डोळ्यांचे गुलाबी कार्टून नव्हे.

भामरागडच्या बाजूला माडिया समाजात मृत माणसाच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची चाल आहे. तो दगड सुबक असावा, अशी अपेक्षा नसते. तो कोणाचा आहे, हे त्याच्या माणसांना ठाऊक असते, आणि तेवढ्याने त्याचे काम होते. समूहाच्या छायाचित्राकडूनही याहून अधिक काही मागण्याची गरज नाही. या शिबिराच्या अखेरीस छायाचित्र निघेल, तेव्हा ते देखणे आले नाही तरी चालेल. त्यात जे होते ते सर्व दिसावेत, त्यांना विचारलेले असावे आणि त्यांची नावे मागे लिहिलेली असावीत.